एका सेंटची जागा

हर्णैच्या बर्फ कारखान्यात मी लाद्यांचा हिशेब लिहितो.
सकाळी लिहिलेलं दुपारपर्यंत वितळतं.
म्हणूनच बहुधा धातूचा नाद लागला.
चहा पाजत नाही म्हणून पोरं मला कवडीचुंबक म्हणतात.

पहिलं नाणं हसनमियाँ सारंगांनी दिलं,
जहाज सोडून कायमचे घरी आले तेव्हा.
बिडीच्या पुड्यातून काढून म्हणाले, "घे, तुवालूचं.
देश एवढुसा, की नकाशात शोधताना
आमच्या कप्तानाला चष्मा बदलावा लागला."
नऊ बेटं. त्यांतली उंचातली उंच जागा
आपल्या सुवर्णदुर्गाच्या तटाहून ठेंगणी.

नाण्यावर पाकट होतं. शेपटीसकट.

मग अकरा वर्षं गेली
पंच्याऐंशी सालच्या एका संचापायी.
येसूबाय चोगले लिलाव आटपून बर्फाचे पैसे द्यायला येते,
तेव्हा मी अल्बम उघडतो. तिचे हात ओले,
म्हणून लांबूनच, हनुवटीने मोजते:
पाकट, मुशी, चिंबोरी, पाखरू.
आठ हातांच्या पन्नास सेंटपाशी अडते.
"ह्याला हितं कोन इचारतो? जाळ्यात आला
तर शिवी देऊन परत टाकतात. तिकडं पन्नास?"
नऊ कोनांच्या डॉलरवर कासव आहे.
ते बघून जरा गप्प होते.
"हां. ह्यो भाव बराबर."

पहिलं भोक रिकामं. एक सेंट.
त्यावर शंख असतो, मी चित्रात पाहिलाय.
सगळ्यांत हलकं नाणं,
जपायची वस्तू म्हणून कुणी बघितलंच नाही त्याच्याकडे.
मुशी मात्र दोन आल्या.
सिंगापूरच्या व्यापाऱ्याने चुकून एक जास्तीची घातली.
कळवलं, तर म्हणाला, राहू दे, टपालाला जास्त पडतील.

शेवटी त्या देशालाच पत्र लिहिलं.
पोस्टमास्तरांनी विचारलं, हे आलं कुठे?
म्हटलं, पाण्यात.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

सात महिन्यांनी उत्तर आलं.
तिथल्या खजिना कचेरीतली कारकून, सही सेलुका.
"तुम्ही म्हणता तो सेंट आमच्यापाशी नाही.
आम्ही दुसऱ्या देशाच्या नोटा वापरतो.
लहानपणी आम्ही सेंट घेऊन
पाण्यावर भाकऱ्या काढायचो, मीसुद्धा.
कचेरीच्या काचेच्या कपाटातला संचही अपुरा आहे.
त्यात मुशी नाही. तुमच्याकडे जास्तीची असेल तर"

पत्र इंग्रजीत होतं.
मुशी आणि भाकऱ्या माझ्या.

एका देशाला त्याचंच नाणं
हर्णैहून पाठवायचं होतं.
मासळीच्या खोक्याचा थर्माकोल कापून
त्यात मुशी बसवली. वास जाईना, तो तसाच गेला.
फॉर्मवर किंमत लिहिली: पाच सेंट.
मास्तर म्हणाले, खरी लिहा.
म्हटलं, खरीच आहे.

भाद्रपदात पाकीट आलं. आत कापूस,
कापसात कवडी.
"शंखाचं नाणं मिळालं नाही.
ही कचेरीच्या पायरीवर सापडली.
हल्ली भरती पायरीपर्यंत येते."
एवढंच.

मी ती तळहातावर घेऊन बसून राहिलो.
बाहेर कुणी तरी ओरडलं, तीन लाद्या,
आणि मी वहीत काही लिहिलं नाही.
आपल्याकडे कवडी म्हणजे काहीच नाही,
आणि कवडीचाच तर कधी काळी बाजार चालायचा.

भोकात ती बसत नाही. फुगीर आहे.
चिकटपट्टीने बांधली तर अल्बम मिटत नाही.
येसूबाय म्हणते, "काढ ती, पानं वाकतील."
मी वर लाद्यांची जाड वही ठेवून बघितली.
तरी कवडीएवढी फट राहतेच,
दर्याचं वारं तिथून आत शिरतं.
नाणी काळी पडतील.
पडोत जरा.